आहाराची रोजकीर्द

मंडळाच्या सभासद-कुटुंबांपुढे आहारशास्त्रावर काही लिहावे एवढा माझा अधिकार नाही. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. सकाळी वडिलांबरोबर देवळातील पूजा आणि दुपारनंतर एका दुकानात हिशेबाच्या मेजाशी बैठक, असा माझा दिनक्रम आहे. परंतु गेल्या वर्षी चातुर्मासात आमच्या घरी एक प्रसंग आला. त्या निमित्ताने जे शिकावयास मिळाले, ते पुस्तके वाचून नव्हे, तर स्वतःच्या ताटाकडे नीट पाहिल्याने मिळाले. ते आपणांपुढे ठेवितो.

श्रावणाच्या आरंभी वडिलांना वारंवार थकवा येऊ लागला. सत्यनारायणाची कथा सांगताना मध्येच थांबून पाणी मागण्याची वेळ येई. रात्री दोन-तीनदा उठावे लागे. त्यांचे वय अठ्ठावन्न. रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर १६८ निघाली, आणि मागील तीन महिन्यांची सरासरी दाखविणारे जे प्रमाण असते, ज्यास एचबीएवनसी म्हणतात, ते ८.१ टक्के निघाले. हे प्रमाण ६.५ वा त्याहून अधिक असले की मधुमेह समजतात. आमच्या डॉक्टरांनी विचारले, "गुरुजी, खाणे काय असते?" वडील निःशंकपणे म्हणाले, "एकभुक्तच म्हणा ना. दुपारी जेवतो, रात्री थोडा दूधभात." मीही मान डोलाविली. आम्हां दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. डॉक्टर हसले आणि गोळी लिहून देत म्हणाले, "पंधरा दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहून आणा. मग बोलू."

दुकानातील सवयीमुळे वही मांडणे मला जड गेले नाही. रोजकीर्दीत पैशाची नोंद व्यवहार होताच करावयाची असते. रात्री आठवून केलेली नोंद ही नोंद नव्हे. तोच नियम येथे लावला. एका दिवसास एक पान. पानावर वेळ, पदार्थ, माप, स्थळ, आणि शेवटचा रकाना 'का खाल्ले' याचा : भूक लागली म्हणून, वेळ झाली म्हणून, आग्रह झाला म्हणून, की समोर होते म्हणून. हा शेवटचा रकाना मला प्रथम व्यर्थ वाटला होता. पुढे सर्वांत अधिक त्यानेच शिकविले. पानाच्या तळाशी चालणे, व्यायाम आणि झोप.

मापाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. आमच्या घरची वाटी पाण्याने भरून ते पाणी मोजपात्रात ओतले, १५० मिलिलिटर भरले. चहाचा सपाट चमचा भरून साखर तोलली, ५ ग्रॅम झाली. दहा पोळ्यांना लागणारे कोरडे पीठ तोलून दहाने भागले, पोळीमागे २५ ग्रॅम आले. एवढे एकदा केले की पुढे ताजव्याची गरज उरत नाही. वाटी, चमचा आणि पोळी हीच वजने होतात. एक वही वडिलांची आणि एक माझी. आई म्हणाली, "आता तुम्हांला घाससुद्धा मोजून वाढायचे की काय?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पहिले चार दिवस आम्ही वहीला घाबरूनच जेवलो. लिहावे लागेल या विचाराने माणूस नकळत कमी खातो, म्हणून पहिल्या चार पानांवर फारसा विश्वास ठेवू नये. पाचव्या दिवशी वहीचा धाक गेला आणि खरे आकडे दिसू लागले.

वडिलांच्या 'एकभुक्त' दिवसांपैकी एका गुरुवारचे पान आपणांस दाखवितो. त्या दिवशी तीन घरी पूजा होती. बाजव्याच्या परिसरातील यजमान-कुटुंबांपैकी बरीच मंडळी खतांच्या कारखान्याच्या आणि कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या निमित्ताने, १९६० नंतरच्या काळात येथे येऊन स्थायिक झाली; त्यांच्या घरी गुरुजी आले की चहा हा व्हावयाचाच. पानावर चहाचे पाच कप होते, आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. म्हणजे केवळ चहातून ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी अधिक हितकर मर्यादा सुचविली, ती दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या पाच टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तिच्या दुप्पट साखर चहातच गेली होती, आणि 'खाणे काय' या प्रश्नाच्या उत्तरात चहाचा उल्लेखच नव्हता. कारण आपल्या समजुतीप्रमाणे चहा हे खाणे नव्हे.

दुसरी गोष्ट प्रसादाची. ती लिहिताना माझा हात अडखळला होता. प्रसादाचे उष्मांक काढणे हे पुजाऱ्याच्या मुलास शोभते काय, असा प्रश्न मनात आला. वडिलांनीच तो सोडविला. ते म्हणाले, "देवाला दाखवितो त्या रव्याचे वजन सव्वा असते, हे आपण तोलूनच घालतो ना? मग पुढे तोलायला काय हरकत आहे?" सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, साखर आणि तूप समभाग असते. सव्वा किलोचे प्रमाण धरले आणि दोन-अडीच लिटर दूध धरले, तर संपूर्ण शिऱ्यात बावीस हजारांच्या आसपास उष्मांक होतात, आणि त्यांपैकी निम्मे एकट्या तुपाचे. एक ग्रॅम साखर अथवा पीठ शरीरास सुमारे चार उष्मांक देते, प्रथिनेही तेवढेच देतात. तूप आणि तेल मात्र नऊ देते. म्हणून पन्नास ग्रॅम शिरा, म्हणजे द्रोणात एक लहान डाव, पावणेदोनशे उष्मांकांच्या घरात जातो. साठ किलोच्या माणसास एक किलोमीटर चालण्यास चाळीस-पन्नास उष्मांक लागतात. तेव्हा एका द्रोणासाठी येथून बाजवा स्थानकापर्यंत कितीदा ये-जा करावी लागेल ते ज्याचे त्याने मोजावे. वडिलांच्या त्या गुरुवारच्या पानावर असे तीन द्रोण होते, आणि शेवटच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द होता : आग्रह.

हे सर्व आपल्यालाच सुचले असे मला काही दिवस वाटत होते. तसे ते नाही. इटलीतील पादुआ नगरीत सांतोरिओ नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने ताजव्यास टांगलेली खुर्ची करविली, तीत बसून तो जेवी, आणि खाल्लेले, प्यालेले व उत्सर्जित झालेले सर्व सुमारे तीस वर्षे तोलीत राहिला. १६१४ साली त्याचा ग्रंथ निघाला. खाल्लेल्या अन्नाच्या वजनाचा मोठा भाग मलमूत्रावाटे न जाता श्वास आणि अदृश्य घामावाटे निघून जातो, हे त्यास त्या खुर्चीत बसून कळले. आपल्याकडे महात्मा गांधींचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. विलायतेत शिकत असताना ते पै-पैचा हिशेब लिहीत, स्वतः स्वयंपाक करीत आणि रोज आठ-दहा मैल चालत. मला त्यांचा अधिक भावलेला प्रयोग मात्र फसलेला आहे. १८९३ साली प्रिटोरियात असताना त्यांनी काही दिवस न शिजविलेले धान्य, फळे आणि दाणे यांवर राहून पाहिले. रोज काय खाल्ले आणि प्रकृती कशी राहिली हे टिपले, आणि अशक्तपणा येऊ लागताच प्रयोग थांबविला. पुढे ती दैनंदिनी त्यांनी विलायतेतील शाकाहारी मंडळींच्या पत्रात तशीच छापावयास दिली. फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद ही यशस्वी प्रयोगाच्या बढाईपेक्षा अधिक उपयोगी असते.

महाराष्ट्रातले उदाहरण औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचे. त्यांनी तरुणपणी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम सुमारे दहा वर्षे नेमाने केला, मग स्वतःच्या शरीरावर त्याचा परिणाम पारखून सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि पुढे नमस्कारांबरोबर आहाराविषयीही लिहीत राहिले. राजा असून त्यांनी प्रथम स्वतःवर प्रयोग केला आणि मग संस्थानातील शाळांत नमस्कार चालू केले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपले बडोदे तर व्यायामाचे पीठच. राजरत्न प्रो. माणिकराव आणि त्यांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर ज्यांनी पाहिले, अशी वृद्ध मंडळी आपल्या सभासदांत असतील. 'व्यायाम ज्ञानकोश' हा दहा खंडांचा मराठी ग्रंथ १९३६ पासून बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला, हे आमच्या पिढीस मात्र सांगावे लागते.

आता माझ्या वहीकडे वळतो. मी सव्वीस वर्षांचा. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो तो माझा २२.४ आला. आशियातील लोकांस २३ च्या खाली असणे ठीक समजतात, तेव्हा मी समाधानात होतो. घरात मला सर्व 'काडी' म्हणत. वही सुरू करताना सहज कमरेस टेप लावली, तर बेंबीपाशी ९१ सेंटिमीटर. आपल्याकडील पुरुषास ९० आणि स्त्रीस ८० ही सीमा मानली जाते. हात काडीसारखे आणि पोट मडक्यासारखे, असे हे आमचे शरीर.

या कोड्याचे उत्तर पुण्यातील एका छायाचित्रात आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन हे दोघे शेजारी शेजारी उभे असलेले ते छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही तो उंची-वजनाचा अंक अगदी एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली माणसे दिसावयास बारीक असून आत चरबी बाळगतात आणि स्नायू कमी असतात. आणि हे जन्मापासूनच कसे दिसते, याचा अभ्यास डॉ. याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत माता आणि बालके यांवर १९९३ पासून केला. मोठ्या संशोधकाने स्वतःचेच शरीर उदाहरण म्हणून जगापुढे ठेवावे, यातील सरळपणा मला फार आवडला. वजनकाट्यावर विसंबून राहिलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ 'काड्यां'नी एकदा टेप हातात घ्यावी.

स्नायू कमी का, याचेही उत्तर वहीतच मिळाले. मला कोणी विचारले असते तर मी छातीठोकपणे सांगितले असते की, सकाळपासून मी पायावरच असतो. भ्रमणध्वनीत पावले मोजण्याची सोय आहे. दुकानाच्या दिवशी पावले भरली दोन हजार तीनशे. पूर्वी वडील छाणी, करचिया, रणोली अशा गावांना सायकलने पूजेस जात. आता आम्ही स्कूटरने जातो. देवळात तीन तास उभे राहणे हे श्रमाचे वाटते, पण ते चालणे नव्हे. ही फसगत माझी एकट्याची नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी, 'आम्ही फार कमी खातो तरी वजन उतरत नाही' असे म्हणणाऱ्या काही स्थूल व्यक्तींची तपासणी केली. त्यांनी सांगितलेला आहार हा प्रत्यक्षाहून सरासरीने ४७ टक्क्यांनी कमी होता आणि सांगितलेले श्रम प्रत्यक्षाहून ५१ टक्क्यांनी अधिक होते. त्या माणसांना लबाड ठरविण्याचे कारण नाही. आमच्या डॉक्टरांपुढे वडील आणि मी बसलो होतो, तेव्हा आम्हीही तेच केले होते.

घरातील स्त्रियांनी रोज लिहीत बसावे असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती हिशेबाच्या मेजावर सुचली. तेलाच्या डब्यावर तो फोडल्याची तारीख लिहावी आणि संपल्याची तारीख पाहावी. आमच्याकडे चार माणसांत पाच लिटरचा डबा बत्तीस दिवस पुरला. तेलाचे वजन लिटरला साधारण ९१० ग्रॅम. भागाकार केला तर माणशी दिवसाला ३५ ग्रॅम आले, आणि बाहेरच्या फरसाण-शेवउसळीतले वेगळेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार उष्मांकांच्या दिवसासाठी जे ताट सुचविले आहे, त्यात तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम आहे. मिठाचेही तसेच. माणशी पाच ग्रॅम ही मर्यादा धरली तर चौघांस एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरावयास हवी. आमची तीस दिवसही पुरली नाही. काही मीठ लोणच्यात आणि भाज्या धुण्यात गेले हे खरे, तरी ती तारीख पाहून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पापड आणि लोणचे दोन्ही एकदम पानात नको." हा निर्णय कोणत्याही व्याख्यानाने झाला नसता.

या पोषण संस्थेची कथाही थोडी सांगावीशी वाटते. तिचा आरंभ १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे एका लहानशा चौकशी-कार्यालयाने झाला. तेथे मॅककॅरिसन या डॉक्टरांनी भारतातील निरनिराळ्या प्रांतांचा आहार उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना घालून पाहिला. गव्हाच्या पोळ्या, दूध, डाळी आणि ताज्या भाज्या मिळालेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. सडलेला तांदूळ हाच ज्यांचा मुख्य आहार होता ते सर्वांत मागे राहिले. उंदरांचे ताट एवढ्या काळजीने मोजले गेले, हे वाचून हसू आले. आपल्या ताटाकडे तेवढ्या काळजीने पाहणारा कोण? आणि बडोद्यास तर हा विषय परका मुळीच नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाचे शिक्षण सुरू झाले, आणि अन्न व पोषण हा त्यातील प्रमुख विषय आजही तेथे शिकविला जातो.

माझ्या वहीतील सर्वांत मोठी तूट प्रथिनांची होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे मला पन्नास ग्रॅम तरी. माझी बेरीज चाळिशीवर जाईना. सहा पोळ्यांतून अठरा, भातातून सात, चहातल्या दुधातून सहा, आणि आमटी? आमटी वाटीभर असते, पण तीत डाळ किती हे कधी पाहिले आहे काय? आमच्याकडे ती चांगली पातळ आणि गूळ घातलेली. चौघांच्या आमटीस किती डाळ भिजते ते तोलले, तेव्हा माझ्या दोन वेळच्या वाट्यांत मिळून तीस ग्रॅम डाळ निघाली, प्रथिने साडेसहा. संस्थेच्या ताटात कडधान्ये आणि डाळी मिळून ८५ ग्रॅम आहेत, दूध-दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम आणि धान्य केवळ २५० ग्रॅम. आमच्या पानात धान्याची रास आणि बाकी सर्व चवीपुरते. म्हणून आम्ही आमटी घट्ट केली, सकाळी मोड आलेले मूग किंवा मटकी घेतली आणि दुपारी दह्याची वाटी. यास काही फार खर्च आला नाही. साखरेचे पैसे वाचले, त्यात बरेचसे भागले.

व्यायामाविषयी थोडक्यात सांगतो. आठवड्यास दीडशे मिनिटे दमदार चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढी मोठ्या माणसास आवश्यकता सांगितली जाते. मी बारा सूर्यनमस्कारांनी आणि पंचवीस बैठकांनी आरंभ केला. वडिलांस जेवणानंतरच्या शतपावलीचा सर्वांत अधिक गुण आला. जेवणानंतर रक्तात साखर चढत असते त्याच वेळी पायांचे स्नायू ती ओढून घेऊ लागतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटांचे चालणेही व्यर्थ जात नाही. आपल्या आजी-पणजीने हे नाव देऊन ठेवले होते. आम्ही जेवून थेट पलंग गाठीत होतो.

येथवर वाचून आपणांस वाटेल की वही म्हणजे सर्व रोगांवरील उपाय. तसे नव्हे, आणि हे सांगण्यासाठी माझी स्वतःची चूक लिहिणे भाग आहे.

वहीतील सर्वांत भारी पाने कोणती निघाली असतील? एकादशीची. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण विनोदाने म्हणतो. आमच्या वहीत ती अंकांनी लिहिलेली सापडली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले पापड, राजगिऱ्याचे लाडू, केळी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल. हे कळल्यावर मला विद्येचा मद चढला. कार्तिकी एकादशीस मी वडिलांस सुचविले की या वेळी फराळ नकोच, पाणी आणि एक कप दूध यांवर खरा उपवास करावा. त्यांसही ते पटले. परंतु साखर उतरविणारी गोळी त्यांनी नित्याप्रमाणे सकाळी घेतली होती, आणि ती पोटात असता अन्न नसले तर काय होते याचा विचार आम्हां दोघांच्याही मनात आला नाही. संध्याकाळी आरतीच्या वेळी त्यांच्या हातातील निरांजन कापू लागले. कपाळावर घाम फुटला. मंत्रपुष्पांजली, जी ते झोपेतही म्हणू शकतील, ती मध्येच तुटली आणि ते माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहू लागले. मी हातातील घंटा टाकून धावलो. आईने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढीच दिली. मग ते भानावर आले आणि प्रथम काय विचारले, तर "आरती पूर्ण झाली का?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी माझी चांगलीच कानउघाडणी केली. वही ही दाखविण्यासाठी असते, वहीवरून औषधोपचार ठरविण्यासाठी नव्हे, हे त्यांचे शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या कोणीही डॉक्टरांस विचारल्यावाचून निर्जळी अथवा निराहार उपवास करू नये. वाढत्या वयाची मुले, गर्भवती स्त्रिया आणि अशक्त वृद्ध यांनी कमी खाण्यासाठी ही वही मुळीच लिहू नये. त्यांनी लिहिलीच तर पुरेसे पोटात जाते की नाही हे पाहण्यासाठी लिहावी. मुलींच्या ताटाकडे पाहून कोणी आकडे बोलू नयेत, असेही मला वाटते. आता आमच्या घरची एकादशी अशी असते : वरीचे तांदूळ थोडे, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही आणि एक फळ, आणि गोळीची वेळ डॉक्टरांनी त्या दिवसापुरती ठरवून दिली आहे.

जेवावयास बसल्यावर आपण चित्राहुती घालतो, आपोशन घेतो, मग पहिला घास. लहानपणी मला तो खोळंबा वाटे. हल्ली त्या अर्ध्या मिनिटात मी पानाकडे पाहून घेतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वायूसाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. तो मोकळा भाग किती, हे ताटाकडे पाहिल्याखेरीज ठरवता येत नाही.

मार्गशीर्षात वडिलांची तपासणी पुन्हा झाली. ८.१ चे ७.२ झाले होते. यात गोळीचा वाटा आहेच. वहीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. माझी कंबर ९१ वरून ८८ वर आली, वजन मात्र अर्धाच किलो उतरले. पावले दुकानाच्या दिवशीही आता सहा हजारांखाली जात नाहीत, कारण स्कूटर आठवड्यातून चार दिवस घरी असते.

यजमानांच्या घरचा चहा हे सर्वांत कठीण प्रकरण होते. गुरुजी चहा नाकारतात म्हणजे काही राग आहे की काय, असे एका काकूंस वाटले. वडिलांनी मग नाकारणे सोडले आणि विचारण्यापूर्वीच सांगू लागले, "काकू, अर्धा कप, आणि साखर देवाच्या पुढे राहू द्या." हे आता तीन-चार घरांत रुळले आहे. दोन घरांत तर यजमानांनी स्वतःचीही साखर अर्धी केली. शिऱ्याचा द्रोण ते घेतात, त्यातून चिमूटभर तोंडात घालतात आणि उरलेला घरी आणतात. तो आम्ही शेजारच्या मुलांत वाटतो.

माझी वही चाळीस दिवसांनी संपली. हवी तेव्हा पुन्हा पंधरा दिवस लिहितो. वडिलांनी मात्र त्यांची थांबविलेली नाही. रात्री शेजारती झाली की ते चष्मा लावून बसतात आणि स्वतःच्या हाताने लिहितात. परवा मी सहज पान उघडून पाहिले. तारखेखाली लिहिले होते : चहा दोन, बिनसाखरेचे. पोळ्या तीन. आमटी घट्ट. शतपावली झाली. प्रसाद चिमूटभर. आणि शेवटच्या रकान्यात : आग्रह पुष्कळ.